आरसा काढून घेतल्यावर

कॅमेऱ्यासारख्या यंत्राविषयी वाङ्मयीन नियतकालिकात लिहावे काय, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. यंत्रांची तुलना हा दुकानदारांचा व तंत्रज्ञांचा प्रांत, समीक्षकाने कलाकृतीविषयी बोलावे, असा आपल्याकडे रूढ संकेत आहे. तथापि साधन आणि साध्य यांची अशी सोयीस्कर फाळणी कोणत्याच कलेत फार काळ टिकत नाही. बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन झरणी आली, तेव्हा अक्षराचे वळण बदलले आणि लिहिण्याची गतीही बदलली. १९४८ साली अलेक्सांद्र आस्त्र्युक या फ्रेंच लेखक-दिग्दर्शकाने एका गाजलेल्या निबंधात कॅमेऱ्याला लेखणीची उपमा दिली. कादंबरीकार ज्या मोकळेपणाने लिहितो त्याच मोकळेपणाने चित्रपटकार एक दिवस कॅमेऱ्याने लिहू लागेल, असा त्याचा आशय होता. त्याच्या काळी स्टुडिओतील कॅमेरा एका माणसाला उचलणेही कठीण जाई. आज तो हातात मावतो. भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले आहे. आता या नव्या लेखणीने काय लिहिले जात आहे हे पाहणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींत ‘मिररलेस’ म्हणजे आरसाविरहित कॅमेऱ्याची चर्चा आता नित्याची झाली आहे. लग्न, गुरुदीक्षा, सणवार यांचे चित्रण करणारे, लघुपट काढू पाहणारे आणि केवळ हौसेपोटी पैसे साठविणारे, असे सारेच एक प्रश्न विचारतात: कोणता कॅमेरा घ्यावा? उत्तरादाखल आकडे पुढे केले जातात. अमक्यात इतके मेगापिक्सेल, तमक्यात सेकंदाला इतक्या फ्रेम. हे आकडे खोटे नसतात. परंतु त्यांत एक रकाना नेहमी कोरा राहतो. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाशी हे यंत्र कोणते नाते जोडू देते, हा तो रकाना होय. माझ्या मते तुलना करावयाची तर ती याच कसोटीवर करावी, आणि आधुनिक चित्रपटनिर्मितीविषयीचा वादही याच कसोटीवर तपासून पाहावा.

प्रथम आरशाचे प्रकरण समजून घेऊ. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स व फिल्म यांच्यामध्ये ४५ अंशांत कललेला एक लहानसा आरसा असे. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकी आणि छायाचित्रकाराला दृश्य दिसे. बटण दाबताच आरसा वर उचलला जाई व क्षणभर अंधार होई. २००८ साली कॅननच्या ‘फाइव्ह-डी मार्क टू’ या डिजिटल कॅमेऱ्याने पूर्ण एचडी चित्रण मोठ्या सेन्सरवर शक्य करून दाखविले, तेव्हा एक गमतीची गोष्ट घडली. चित्रण चालू असेपर्यंत आरसा वर धरून ठेवणे भाग होते आणि डोळ्याला लावण्याची खिडकी काळी पडत होती. म्हणजे चलच्चित्राच्या कामात आरसा निरुपयोगीच झाला होता. त्याच वर्षी पॅनासॉनिकने ‘लुमिक्स जी-१’ हा आरसा मुळातूनच काढून टाकलेला कॅमेरा आणला. त्याला चलच्चित्रे घेता येत नव्हती. ती सोय २००९च्या ‘जीएच-१’मध्ये आली. आरसा गेल्याने लेन्स सेन्सरच्या अधिक जवळ आली. कॅननच्या जुन्या एसएलआर रचनेत हे अंतर ४४ मिलिमीटर होते, ते सोनीच्या रचनेत १८ मिलिमीटरवर आले. यंत्र लहान झाले, हलके झाले, आणि मध्ये एखादी कडी बसवून कपाटातील जुन्या लेन्सही त्याला लावता येऊ लागल्या.

आज बाजारात असलेल्या अशा कॅमेऱ्यांची तुलना बहुधा चार गोष्टींवर होते: पार्श्वभूमी किती धूसर होते, अंधारात किती दिसते, किती वेळ सलग चित्रण करता येते, आणि फोकस आपोआप किती अचूक बसतो. या चारही तांत्रिक बाबी खऱ्याच आहेत. परंतु प्रत्येकीच्या पोटात माणसाकडे पाहण्याचा एक दृष्टिकोन दडलेला आहे.

धूसरतेपासून आरंभ करू. सोनीच्या ‘ए-सेव्हन-एस थ्री’ किंवा ‘एफएक्स-थ्री’ या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो. पॅनासॉनिकच्या जीएच मालिकेतील सेन्सर सुमारे १७.३ गुणिले १३ मिलिमीटर. तीच चौकट व लेन्सचे तेच छिद्रमान ठेवले तर मोठ्या सेन्सरवर चेहरा तेवढा स्पष्ट उमटतो आणि मागचे सारे वितळून जाते. लहान सेन्सरवर मागची भिंत, चूल, दारातले शेजारी हेही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात. बाजाराच्या भाषेत पहिला गुण आणि दुसरा दोष. वस्तुतः या गुणदोषांचा निवाडा इतका सरळ नाही. आंद्रे बाझाँ हा कॅथॉलिक श्रद्धेत वाढलेला, १९५८ साली अकाली निधन पावलेला थोर फ्रेंच समीक्षक. जाँ रन्वार, ऑर्सन वेल्स, विल्यम वायलर यांच्या चित्रपटांत जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते याला त्याने मोठे मोल दिले. कारण अशा चौकटीत कोठे पाहावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य प्रेक्षकाला राहते आणि वास्तवातील संदिग्धता शाबूत राहते. हा निकष लावला तर स्वस्त, लहान सेन्सरचा तथाकथित दोष हा कलेच्या दृष्टीने आधारही ठरू शकतो. माणूस त्याच्या घरासकट, गावासकट दिसणे आणि माणूस गावातून कातरून काढलेला दिसणे, या दोन भिन्न नैतिक भूमिका आहेत. आपल्याकडील अनेक लघुपटांत पात्रे कोठे राहतात हेच कळत नाही, त्याचे एक कारण ही मऊ, महागडी धूसरता आहे.

अंधाराच्या बाबतीत मात्र नव्या यंत्राचे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९७५च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडातील प्रसंग टिपण्यासाठी स्टॅन्ली कुब्रिकला मूळ नासासाठी बनविलेल्या झाइस कंपनीच्या एफ ०.७ छिद्रमानाच्या दुर्मीळ लेन्स वापराव्या लागल्या. आज सोनीच्या ‘एफएक्स-थ्री’ची संवेदनक्षमता १२,८०० आयएसओवर ठेवली की साध्या लेन्सनेही दिव्याच्या उजेडातला चेहरा टिपता येतो. याचा अर्थ केवळ वीज वाचली असा नाही. पूर्वी एखाद्या गरिबाच्या घरात चित्रण करावयाचे तर दिव्यांची रास, तारा आणि दहा अनोळखी माणसे आत शिरत. त्या घराचे घरपण कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच नाहीसे होई. आता घरात जेवढा उजेड आहे तेवढ्यातच काम भागते. पाहुणा म्हणून जाणे आणि कब्जा घेणे यांतील हा फरक आहे.

सलग चित्रणाच्या कालमर्यादेचा इतिहास मनोरंजक आहे. ३५ मिलिमीटर फिल्मचे १,००० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. २००९च्या कॅनन ‘सेव्हन-डी’वर एका वेळी सुमारे १२ मिनिटेच चित्रण होई. पुढे अनेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत, कारण युरोपीय संघाच्या जकातीच्या नियमांनुसार त्याहून अधिक चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा कर बसे. २०१७च्या पॅनासॉनिक ‘जीएच-५’ने ही मर्यादा काढून टाकली. याउलट २०२०च्या कॅनन ‘आर-५’ला ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर व आठ-के चित्रण लाभले, पण आठ-केमध्ये सुमारे २० मिनिटांतच यंत्र तापे आणि थांबे. आकड्यांच्या स्पर्धेत पुढे असलेले यंत्र म्हाताऱ्या माणसाची गोष्ट पुरती ऐकून घेण्याआधीच दमते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमर्याद चित्रणाचे दुसरे अंगही आहे. रीळ महाग होते तेव्हा दिग्दर्शक आधी विचार करी व मग कॅमेरा सुरू करी. आता आधी सारे टिपून घ्यावयाचे आणि विचार संकलनाच्या टेबलावर करावयाचा, अशी सवय जडते. वाट पाहणे आणि निर्णय टाळणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. पडद्यावर मात्र त्या वेगळ्या दिसतात.

चौथी बाब आपोआप बसणाऱ्या फोकसची. पॅनासॉनिकचे कॅमेरे या बाबतीत वर्षानुवर्षे टीकेचे धनी झाले. २०२३च्या ‘एस-५ टू’ आणि २०२४च्या ‘जीएच-७’ यांनी ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. सोनी व कॅनन यांचे कॅमेरे चौकटीतील डोळा शोधून त्यावर खिळून राहतात. २०१८ साली १,२९५ डॉलर किमतीस आलेल्या ‘ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा फोर-के’त मात्र चालत्या माणसामागे फोकस नेण्याची सोयच नव्हती, ते हातानेच करावे लागे. एकट्याने काम करणाऱ्याला स्वयंचलित फोकस वरदान आहे, यात संशय नाही. परंतु दोन माणसे बोलत असता बोलणाऱ्याकडे पाहावे की गप्प राहिलेल्याकडे, हा प्रश्न यंत्र सोडवू शकत नाही. यंत्राला डोळा कळतो, मौन कळत नाही. वास्तविक दिग्दर्शनाचा अर्धा भाग या एका निवडीतच सामावलेला असतो.

आता या यंत्रांनी घडविलेल्या काही कलाकृतींकडे वळू. २०११ साली प्रदर्शित झालेला अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. मुंबईतील कॅथॉलिक शाळेत शिकणारा स्टॅनली फर्नांडिस नावाचा मुलगा जेवणाचा डबा आणत नाही, आणि इतरांच्या डब्यांवर डोळा ठेवणारा एक शिक्षक त्यालाच शाळेतून घालवून देतो, एवढीच कथा. छायालेखक अमोल गोळे यांनी हा चित्रपट ‘सेव्हन-डी’ या छायाचित्रे काढण्याच्या कॅमेऱ्यावर टिपला. शनिवारी भरणाऱ्या कार्यशाळांतून हे चित्रण झाले; मुलांची शाळा बुडाली नाही. मुलांना हा कॅमेरा फोटो काढण्याचा वाटे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर अभिनयाचा ताण आला नाही. या चित्रपटातील मधल्या सुट्टीची दृश्ये पाहावीत: डबे उघडणारे हात, एकमेकांच्या डब्यात डोकावणाऱ्या नजरा. मोठा कॅमेरा व त्यामागची फौज समोर असती तर ही दृश्ये अशी उमटली असती असे वाटत नाही. येथे यंत्राच्या लहानपणाचे मोल कळते. मुलांना राबवून घेणाऱ्या जगाविषयीचा चित्रपट मुलांना न राबविता काढला गेला. आशय आणि निर्मितीची रीत यांचा असा मेळ दुर्मीळ असतो.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील. आन्येस वार्दा या दिग्दर्शिकेने २००० साली, वयाच्या बहात्तरीच्या सुमारास, सरवा वेचणाऱ्यांवर एक अनुबोधपट केला. पीक कापल्यावर शेतात राहिलेले कण वेचणाऱ्या स्त्रियांचे मिलेचे १८५७चे चित्र तिच्यासमोर होते. लेवीय ग्रंथात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडण्याची आज्ञा आहे आणि रूथची कथा तर सरवा वेचण्यातूनच पुढे सरकते. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. टाकून दिलेले बटाटे, बाजार उठल्यावर मागे राहिलेली भाजी वेचणारी माणसे वार्दाने एका लहान डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपली. तो कॅमेरा एका हातात मावे, म्हणून तिला आपल्या दुसऱ्या, सुरकुतलेल्या हाताचे चित्रण करता आले. एकदा ती कॅमेरा बंद करावयास विसरली आणि लेन्सचे लोंबते झाकण चालता चालता टिपले गेले. तेही तिने फेकले नाही, संगीताची जोड देऊन चित्रपटात ठेवले. दुसऱ्यांनी टाकलेले वेचणाऱ्यांविषयीच्या चित्रपटात दिग्दर्शिकाही सरवा वेचणारीच झाली. त्या कॅमेऱ्याची चित्रगुणवत्ता आजच्या साध्या फोनपेक्षाही उणी होती. तरीही चित्रपट जुना झालेला नाही.

या दोन उदाहरणांच्या शेजारी २०२३ साल ठेवून पाहावे. त्या वर्षी जुलैत ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘ओपनहायमर’ आला आणि सप्टेंबरात गॅरेथ एडवर्ड्स यांचा ‘द क्रिएटर’. पहिला अवजड आयमॅक्स व ६५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्यांवर झाला. त्याच्या कृष्णधवल भागासाठी कोडॅकने खास फिल्म तयार केली. आयमॅक्सचे एक रीळ सुमारे तीन मिनिटांतच संपते. दुसरा चित्रपट, सुमारे ८ कोटी डॉलर खर्चाचा, सोनीच्या ‘एफएक्स-थ्री’वर झाला. बॅटरी व कार्डासह त्या कॅमेऱ्याचे वजन सुमारे ७१५ ग्रॅम आणि बाजारात आला तेव्हाची किंमत सुमारे ३,९०० डॉलर. ग्रेग फ्रेझर व ओरेन सॉफर या छायालेखकांनी तो थायलंड, नेपाळ, कंबोडिया अशा देशांतील प्रत्यक्ष स्थळी नेला. या घटनेने वादाला तोंड फुटले. एक पक्ष म्हणाला, आता मोठ्या यंत्राची गरज संपली. दुसरा म्हणाला, फिल्मची खोली डिजिटलला येणे नाही.

दोन्ही पक्ष एकाच जागी चुकतात असे मला वाटते. ‘ओपनहायमर’ पाहताना त्या विराट यंत्राचा उपयोग मुख्यतः कशासाठी झाला आहे? स्फोट आहे, वाळवंट आहे. परंतु बराच काळ पडद्यावर आहे तो एका माणसाचा चेहरा. अपराधाची जाणीव हळूहळू पसरत जाणारा चेहरा हीच त्या चित्रपटाची युद्धभूमी आहे. याउलट ‘द क्रिएटर’ची चित्रे मनोहर आहेत, लहान कॅमेऱ्यामुळे पथक लहान राहिले, दूरच्या खेड्यांत पोचले, हेही खरे. पण पोचून काय केले? भातखाचरे, भिक्षू, नदीकाठची घरे ही बव्हंशी परक्या कथेची पार्श्वभूमी म्हणून उरतात. त्या गावातील एकही माणूस आपल्या ओळखीचा होत नाही. शारीरिक जवळीक साधली, आत्मीय जवळीक साधली नाही. म्हणजे लहान यंत्र दार उघडून देते, आत जाऊन बसण्याचे काम ते करीत नाही. आणि मोठे यंत्रही, चालविणाऱ्याजवळ धीर असेल तर, माणसाच्या अगदी निकट जाऊ शकते.

येथे डेन्मार्कमधील ‘डॉग्मे ९५’ या चळवळीचे स्मरण होते. १९९५ साली लार्स फॉन ट्रिअर व थॉमस विंटरबर्ग यांनी दहा नियमांची एक सनद प्रसिद्ध केली आणि तिला चक्क शुद्धतेच्या व्रताचे नाव दिले. चित्रण प्रत्यक्ष स्थळी करावे, कॅमेरा हातात धरावा, खास प्रकाशयोजना करू नये, ध्वनी चित्रापासून वेगळा तयार करू नये, दिग्दर्शकाने आपले नावही घालू नये, असे ते नियम. त्यात विनोद व अहंकार दोन्ही होते. पण १९९८चा विंटरबर्ग यांचा ‘फेस्टन’ हा या व्रताचा पहिला चित्रपट पाहिला की थट्टा ओसरते. वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत मोठा मुलगा उभा राहतो आणि वडिलांनी आपल्यावर व आपल्या मृत बहिणीवर बालपणी केलेला अत्याचार सर्वांसमोर सांगतो. पाहुणे क्षणभर थबकतात आणि पुन्हा जेवू लागतात. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी हे सोनीच्या हातात मावणाऱ्या घरगुती हँडीकॅमवर टिपले. घराघरांत वाढदिवस टिपणारे यंत्र येथे घराचे पाप टिपते. चित्र खरखरीत आहे, उजेड अपुरा आहे, आणि तसाच तो असावयास हवा होता. ज्या घरात सत्य झाकून ठेवले आहे तेथे सुबक प्रकाशयोजना ही आणखी एक लपवाछपवी ठरली असती. लहानग्यांवरील अत्याचाराबाबत ज्या ज्या संस्थांना मौनाचा हिशोब द्यावा लागला आहे, आणि त्यांत ख्रिस्तसभाही आहे, त्यांनी हा चित्रपट पाहावा.

व्रत म्हणजे हातात असलेली गोष्ट जाणूनबुजून न वापरणे. सेमिनरीत आम्हाला हे वेगळ्या संदर्भात शिकविले जाते. कलेतही ते तितकेच लागू पडते. जॉर्ज बेर्नानोस यांच्या कादंबरीवरून १९५१ साली एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी पडद्यावर आणणारे रोबेर ब्रेसाँ पुढे जवळजवळ केवळ ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर काम करीत. माणसाच्या सहज नजरेच्या जवळ जाणारी ही लेन्स. दिग्दर्शकाला दृश्य मोठे करावयाचे असेल तर त्याने स्वतः उठून जवळ जावे, हा त्यामागचा धडा. आजचा कॅमेरा सर्व काही करू शकतो. म्हणून काय करावयाचे नाही हे ठरविण्याची जबाबदारी आता पूर्णपणे माणसावर आली आहे. पूर्वी यंत्राची मर्यादाच शिस्त लावी. आता ती शिस्त स्वेच्छेने स्वीकारावी लागेल.

हा प्रश्न आपल्या अंगणातही येऊन ठेपला आहे. २०२०च्या महामारीत दफनविधीस मोजक्याच लोकांना येण्याची मुभा होती. तेव्हा आखातात, कॅनडात असलेल्या मुलांनी आईबापांचा शेवटचा निरोप कॅमेऱ्याच्या साहाय्यानेच घेतला. त्या साध्या, हलत्या, कधी तुटणाऱ्या चित्रणाने जे सांत्वन केले त्याचे मोल करता येणार नाही. परंतु आता दफनविधीचे चित्रणही ‘सिनेमॅटिक’ होऊ लागले आहे. ‘ए-सेव्हन-एस थ्री’सारखा कॅमेरा सेकंदाला १२० फ्रेम टिपतो, त्या २४च्या गतीने दाखविल्या की क्षण पाचपट लांबतो. विधवेचे रडणे पाचपट संथ करून, मागची माणसे धूसर करून, वर संगीत पेरून नातेवाइकांच्या हाती दिले जाते. यात चित्रणकाराचा हेतू वाईट असतो असे नाही. यंत्राने दिलेली सोय तो वापरतो. पण त्या संथ गतीत शोक कोणाच्या मालकीचा राहतो? शोकाला जवळच्यांची गर्दी हवी असते. ज्यांनी खांदा दिला, ज्यांनी पाणी आणले, त्यांनाच चौकटीतून वितळवून टाकणारी लेन्स त्या प्रसंगी खोटे बोलते.

ख्रिस्तसभेने चित्रपटाचा विचार पूर्वीपासून केला आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांविषयी आदेशपत्र प्रसिद्ध केले. त्या काळी आपण सारे प्रेक्षक होतो, त्यामुळे काय पाहावे आणि काय पाहू नये, या प्रश्नावर भर असणे समजण्यासारखे होते. आज कॅमेरा ज्याच्या त्याच्या हातात आहे, म्हणून दुसऱ्याकडे कसे पाहावे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी केली. तीत एर्मान्नो ओल्मी यांचा १९७८चा ‘लाकडी खडावांचे झाड’ आहे. इटलीतील बेर्गामो प्रांतातील खऱ्या शेतकऱ्यांनी, त्यांच्या स्वतःच्या बोलीत, त्यात भूमिका केल्या. दिग्दर्शन, छायालेखन व संकलन ओल्मी यांनी स्वतःच केले. शाळेत जाणाऱ्या मुलाची पादत्राणे मोडतात, बाप जमीनदाराचे झाड तोडून नवी करतो आणि कुटुंब बेघर होते. त्या चित्रपटात शेतकरी कधीही त्याच्या शेतापासून अलग दिसत नाही.

वसईच्या तरुणांनी ओल्मी पाहावा तो यासाठी. आपल्याकडची सामवेदी, म्हणजेच कादोडी बोली, आणि वाडवळी बोली आता मुख्यतः आजीआजोबांच्या तोंडी उरल्या आहेत. लाल लुगड्यातली सामवेदी आजी जी गोष्ट ज्या शब्दांत सांगते ते शब्द तिच्याबरोबर जातील. हे काम आठ-के कॅमेऱ्याची वाट पाहत थांबणारे नाही. जुना, लहान सेन्सरचा, न तापता तासभर चालणारा कॅमेरा त्यास पुरेसा आहे. आणि पैसे उरले तर ते चांगल्या मायक्रोफोनवर खर्च करावेत, कारण बोली डोळ्यांना दिसत नाही. आजी अंगणात बसली असेल तर अंगण दिसू द्यावे. ती थांबली तर कॅमेरा चालू ठेवून आपणही थांबावे.

कर्ज काढून कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांनी दादासाहेब फाळके यांचे चरित्र वाचावे. त्यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. परंतु क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९१०-११च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंसमोर श्रीकृष्ण व श्रीराम उभे राहिले; १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आल्यावर त्यांनी प्रथम कुंडीतील वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ साली आला. आधी पाहण्याची ओढ, मग यंत्र, मग रोपापुढे बसण्याचा धीर, आणि शेवटी चित्रपट.

तेव्हा कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. रात्रीच्या घरगुती उजेडात काम करावयाचे असेल तर मोठ्या सेन्सरचा सोनी उपयोगी पडेल. दीर्घ मुलाखतींसाठी पॅनासॉनिकचे जुने जीएचही चालेल. हाताने फोकस करून डोळ्याला शिस्त लावावयाची असेल तर वापरलेला ब्लॅकमॅजिक घ्यावा. यांपैकी काहीच परवडत नसेल तर खिशातल्या फोनने सुरुवात करावी. मात्र घेण्यापूर्वी ज्या माणसाचे चित्रण करावयाचे आहे त्याच्याकडे दोनचार वेळा कॅमेऱ्याशिवाय जाऊन यावे. कॅमेऱ्यातील आरसा गेला आहे, तेव्हा पाहणारा व पाहिला जाणारा यांच्यातील एक अडसर तरी दूर झाला आहे. उरलेले अंतर पायांनी चालूनच तोडावे लागते.